मेंदूत सोडलेली पेशी परत घेता येत नाही

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कंपवातावरील, म्हणजे पार्किन्सन्सवरील, पेशी-उपचारांचे दोन शोधनिबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक क्योतो विद्यापीठातील जुन ताकाहाशी यांच्या गटाचा होता. त्यात सात रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सोडण्यात आल्या होत्या. दुसरा अमेरिका आणि कॅनडातील बारा रुग्णांवरील चाचणीचा होता. दोन्ही ठिकाणी पेशी तग धरून राहिल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे मेंदूतील रसायन बनवू लागल्या आणि दीड ते दोन वर्षांच्या देखरेखीत त्या पेशींमुळे कोणालाही गंभीर इजा झाली नाही. बातमी खरोखरच मोठी होती. परंतु तिच्यावरून आपल्याकडे जी चर्चा सुरू झाली आणि अजून चालू आहे, ती मात्र फार ढिसाळ आहे. एक पक्ष म्हणतो की परदेशात कंपवात बरा होऊ लागला आणि आपण नियमांचा बागुलबुवा उभा करून रुग्णांना झुलवत ठेवले आहे. दुसरा पक्ष म्हणतो की स्टेम सेल (मूलपेशी) म्हणजे निव्वळ लुबाडणूक, त्या वाटेला जाऊच नये. क्योतोच्या शस्त्रक्रियागृहात जे घडते आणि आपल्या शहरांतील जाहिरातबाज केंद्रांत जे विकले जाते ते एकच आहे, असे दोघांनीही गृहीत धरले आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. मेंदूच्या निवडक विकारांत पेशी-उपचारांना खरे भवितव्य आहे, आणि म्हणूनच सिद्ध होण्यापूर्वी ते पैसे घेऊन विकण्यास पूर्ण मनाई असली पाहिजे. औषधाची गोळी त्रासदायक ठरली तर थांबवता येते. मेंदूत बसवलेली विद्युत्-शलाका बंद करता येते, गरज पडल्यास काढताही येते. पेशींचे तसे नाही. त्या एकदा मेंदूत रुजल्या की वेचून बाहेर काढता येत नाहीत; त्या जगतात, फांद्या पसरतात, शेजारच्या पेशींशी जोडल्या जातात आणि चुकल्या तरी तिथेच राहतात. या उपचारांच्या नीतीचा विचार या एका वस्तुस्थितीपासून सुरू व्हायला हवा. ‘पेशी कुठून आणली’ किंवा ‘रुग्णाला आशा बाळगण्याचा हक्क आहे की नाही’ हे प्रश्न तिच्यानंतरचे आहेत.

कंपवातच या प्रयोगांसाठी का निवडला जातो, हे समजून घेतले तर निम्मा गोंधळ दूर होतो. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागातील डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी मरतात आणि त्यांचे डोपामिन जिथे पोचायचे तो प्रदेश कोरडा पडतो. मेलेली पेशी कोणती, ती काय काम करीत होती आणि नवी पेशी कुठे ठेवायची, या तिन्ही गोष्टी ठाऊक आहेत. क्योतोच्या चाचणीत डोक्याला चौकट बसवून, नकाशाप्रमाणे मोजमाप घेऊन, बारीक सुईने दोन्ही बाजूंच्या त्याच प्रदेशात मिळून सुमारे ५० लाख ते एक कोटी पेशी सोडल्या गेल्या. शरीराने त्या परक्या म्हणून नाकारू नयेत यासाठी रुग्णांना सव्वा वर्ष प्रतिकारशक्ती दडपणारे औषध घ्यावे लागले. इतका खटाटोप करूनही, परिणामांसाठी तपासलेल्या सहा रुग्णांपैकी औषधाचा अंमल नसतानाची हालचाल चौघांचीच सुधारली. शिवाय नव्या पेशी फक्त डोपामिनची उणीव भरून काढणार. कंपवातात दिसणारे विस्मरण, बद्धकोष्ठ किंवा झोपेतील बिघाड यांचा उगम अन्यत्र आहे आणि तिथे या पेशी पोचत नाहीत. ‘कंपवात बरा झाला’ हे वाक्य ताकाहाशींनी लिहिलेले नाही. ते आपल्या बातम्यांनी लिहिले.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवू. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला मुंबईच्या उपनगरातील एका केंद्राने दिलेले कागद मी वाचले आहेत. कंबरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, यंत्रात घुसळून तिच्यातील पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या मणक्यातून सुईने मेरुद्रवात सोडायच्या. सोबत तीन दिवसांचे वास्तव्य, फिजिओथेरपी आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला. रक्कम आगाऊ भरायची होती आणि ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ हे वाक्य इंग्रजी संमतिपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते. हाच कार्यक्रम कंपवाताला, सेरेब्रल पाल्सीला, पक्षाघाताला आणि स्वमग्नतेलाही चालतो, असे माहितीपत्रक सांगत होते. अस्थिमज्जेतील पेशी मेरुद्रवात सोडल्याने त्यांच्या डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी होत नाहीत. आणि स्वमग्नतेत तर बदलून बसवावी अशी मेलेली पेशीच कोणाला दाखवता आलेली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा येण्याची तारीख त्या कागदांत होती, पण ती दुसऱ्या मात्रेसाठी. पाच वर्षांनी रुग्णाचे काय झाले याची चौकशी कोण करणार, याबद्दल त्यात अवाक्षरही नव्हते.

घाईचा इतिहास या क्षेत्राला नवा नाही. १९८७ मध्ये मेक्सिकोतील शल्यविशारदांनी दोन रुग्णांच्या मूत्रपिंडावरील ग्रंथीचा तुकडा त्यांच्याच मेंदूत बसवला आणि थक्क करणारी सुधारणा झाल्याचे जाहीर केले. पुढच्या काही वर्षांत जगभर अशा शेकडो शस्त्रक्रिया झाल्या. नंतर लक्षात आले की तो तुकडा बहुतेकांच्या मेंदूत फारसा टिकत नाही, फायदा ओसरतो आणि शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम मात्र मागे राहतात. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी ती पद्धत गुपचूप बाद झाली. त्याच १९८७ साली स्वीडनमधील लुंड येथे आंदेर्स ब्यर्कलुंड आणि ऊले लिंडवाल यांनी गर्भाच्या मेंदूतील ऊती रोवण्याचे काम सुरू केले. ते सावकाश, थोड्या रुग्णांवर आणि दीर्घकाळ नोंदी ठेवून चालले. त्यांच्या काही रुग्णांना अनेक वर्षे फायदा झाला. एका रुग्णाच्या मेंदूत तर रोपणानंतर २४ वर्षांनीही त्या पेशी जिवंत आढळल्या. परंतु अमेरिकेत जेव्हा ४० रुग्णांवर नियंत्रण गटासह चाचणी झाली, तेव्हा २००१ मध्ये आलेला निष्कर्ष असा होता की वर्षभरानंतर रुग्णांच्या स्वतःच्या मूल्यमापनात दोन्ही गटांत फरक नाही. इतकेच नव्हे, तर अखेरीस रोपण मिळालेल्या ३३ पैकी पाच जणांच्या अंगाला नको असलेले हेलकावे सुरू झाले आणि औषध कमी करूनही ते थांबेनात. आत बसलेल्या पेशी डोपामिन सोडत होत्या आणि त्यांना आवरण्याचे कोणतेही बटण नव्हते. २००८ मध्ये आणखी एक धक्का बसला. रोपणानंतर ११ ते १६ वर्षांनी मरण पावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा रोवलेल्या तरुण पेशींतही कंपवाताच्या खुणा उतरलेल्या दिसल्या. दोन वर्षांच्या पाहणीत हे कधीच कळले नसते.

त्या २००१ च्या चाचणीवरचा सर्वांत तीव्र आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. नियंत्रण गटातील २० रुग्णांना शस्त्रक्रियागृहात नेले, स्थानिक भूल दिली, त्यांच्या कवटीला भोके पाडली आणि आत काहीही न सोडता भोके बंद केली. आजारी माणसाच्या डोक्याला निष्कारण भोक पाडणे ही वैद्यकाच्या शपथेची पायमल्ली नाही काय? हा आक्षेप भावनिक म्हणून झटकण्याजोगा नाही. संशोधनात माणसाचा साधन म्हणून वापर करण्याचा इतिहास काळाकुट्ट आहे आणि ‘उद्याच्या रुग्णांसाठी’ हे शब्द त्यात अनेकदा ढाल म्हणून वापरले गेले आहेत. तरीही मी खोट्या शस्त्रक्रियेच्या बाजूने उभा राहतो. आपल्याला रोपण मिळाले आहे असे ज्यांना वाटत होते त्यांनी, प्रत्यक्षात ते मिळालेले असो वा नसो, आपले जगणे अधिक सुधारल्याचे सांगितले, असे त्याच चाचणीतील रुग्णांच्या नंतरच्या अभ्यासात आढळले. कंपवातात अपेक्षेचा परिणाम विशेष प्रबळ असतो, कारण अपेक्षेनेच मेंदूत डोपामिन स्रवते. अशा आजारात ‘माझा हात आता थरथरत नाही’ ही रुग्णाची प्रामाणिक साक्षही उपचाराचा पुरावा ठरत नाही.

हृदयरोगाने हा धडा फार पूर्वी दिला आहे. १९५० च्या दशकात छातीतील एक रोहिणी बांधली की हृदयशूळ कमी होतो, अशी समजूत पसरली होती आणि रुग्ण त्याची ग्वाही देत होते. १९५९ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी १७ रुग्ण घेतले. काहींची रोहिणी बांधली, तर काहींच्या छातीवर नुसती चीर देऊन टाके घातले. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला आणि ती शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली. त्या थोड्या लोकांनी सोसलेली चीर किती लोकांची छाती उघडण्यापासून वाचवून गेली, याचा हिशेब आक्षेप घेणाऱ्यांनीही करावा. कंपवाताच्या भ्रूणजन्य पेशींची तिसऱ्या टप्प्यातील चाचणीसुद्धा खोट्या शस्त्रक्रियेच्या नियंत्रण गटासह आखली गेली, हे योग्यच झाले. अट एकच आहे: ज्याच्या कवटीला भोक पाडायचे, त्याला ते फुकटच जाऊ शकते हे त्याच्या भाषेत, आधी आणि स्वच्छ सांगितलेले असले पाहिजे.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा, म्हणजे वेळेचा. ज्याचे स्नायू महिन्यागणिक निकामी होत आहेत, त्याला ‘दहा वर्षांनी या’ म्हणणारे आपण कोण? एड्सच्या रुग्णांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या दारात ठिय्या दिला नसता, तर कित्येक औषधे उशिरा आली असती. शल्यविद्या तर धाडसावरच पुढे गेली. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी केपटाऊनला पहिले हृदयरोपण केले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे अवघ्या अडीच महिन्यांत, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून दाखवले. त्यांचा रुग्ण काही तासांतच दगावला. कोणत्याही समितीने आज परवानगी दिली नसती असे ते पाऊल होते, आणि तरी मुंबईच्या वैद्यकाला त्याचा रास्त अभिमान वाटतो.

मलाही वाटतो. पण पुढे काय झाले? १९६८ मध्ये जगभर शंभरावर हृदये बदलली गेली, बहुतेक रुग्ण लवकरच गेले आणि एकामागून एक केंद्रांनी हात आखडता घेतला. स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे यांच्यासारखे मोजके लोक शरीर परके हृदय का नाकारते याचा अभ्यास करीत राहिले. हा नकार दडपणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर, १९८० च्या दशकात, हृदयरोपण खऱ्या अर्थाने उपचार झाले. सेन यांनी एका सार्वजनिक रुग्णालयात, सर्वांदेखत प्रयोग केला आणि अपयश लपवले नाही. दरपत्रक छापून स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना बोलावले नाही. शिवाय त्या रुग्णापुढे दुसरा पर्याय मृत्यू हाच होता. कंपवाताच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. लेव्होडोपा या औषधाच्या आधारावर आणि योग्य व्यायामाने तो अनेक वर्षे बऱ्यापैकी जगतो. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळातले ‘शुभार्थी’ सहलींना जातात, नृत्य शिकतात, गातात. अशा माणसाकडे गमावण्यासारखे पुष्कळ असते, हे ‘आता गमावण्यासारखे काय उरले आहे’ असा युक्तिवाद करणारे विसरतात.

वेळेच्या दडपणाखाली पुराव्याआधी दार उघडले तर काय होते, याची नोंद अमेरिकेतील स्तनांच्या कर्करोगाच्या इतिहासात आहे. जहाल केमोथेरपी आणि तिच्यानंतर स्वतःच्याच मूलपेशींचे रोपण हा उपाय १९९० च्या दशकात हजारो स्त्रियांनी घेतला. तो नाकारला म्हणून कॅलिफोर्नियातील एका ज्यूरीने १९९३ मध्ये एका विमा कंपनीला ८.९ कोटी डॉलर भरायला लावले. विम्याने पैसे देण्याची वाट अशी मोकळी झाल्यावर चाचणीत भाग घेऊन कोणता उपचार मिळेल याच्या नाणेफेकीवर विसंबून राहायला कोण तयार होणार? १९९९ मध्ये अखेर निष्कर्ष आले: नेहमीच्या केमोथेरपीपेक्षा फायदा नाही. फायदा दाखवणारा दक्षिण आफ्रिकेतील एक अभ्यास तेवढा उरला होता, तो पुढे बनावट निघाला. दया दाखवण्याच्या घाईने उत्तर मिळायला दशकभर उशीर केला आणि त्या दशकात या स्त्रियांनी त्या जहाल विषारी मात्रा सोसल्या.

‘माझे शरीर, माझा निर्णय’ हा युक्तिवादही वजनदार आहे आणि तो मी प्रौढ रुग्णापुरता बऱ्याच अंशी मान्य करतो. परंतु निर्णयाला माहिती लागते, आणि चाचणीबाहेरच्या उपचारात ती माहिती खुद्द विकणाऱ्याकडेही नसते. इटलीत २०१३ मध्ये मूलपेशी-उपचार देणाऱ्या ‘स्तामिना’ नावाच्या संस्थेसाठी चेताविकारग्रस्त मुलांची कुटुंबे रोमच्या रस्त्यांवर उतरली. तिचा प्रवर्तक वैद्य नव्हता. न्यायाधीशांनी सार्वजनिक रुग्णालयाला उपचार देण्याचे आदेश दिले, संसदेने चाचणीसाठी ३० लाख युरो मंजूर केले, आणि तज्ज्ञांनी पद्धतीचे कागद तपासले तेव्हा शास्त्रीय आधार असा काही हाती लागला नाही. मॉस्कोत २००१ पासून एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मेरुद्रवात गर्भाच्या चेतापेशी सोडल्या गेल्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मेरुरज्जूत गाठी आढळल्या, आणि तपासणीत त्या गाठीतील पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या, दात्यांच्या होत्या असे दिसले. त्या मुलाचा निर्णय कोणी घेतला होता? मेंदूविकारांच्या या बाजारातील ग्राहक बहुतांशी मुलांचे पालक आणि वृद्धांची मुले आहेत. जिथे दुसऱ्याच्या मेंदूबद्दलचा निर्णय आहे, तिथे ‘माझे शरीर’ ही घोषणा लागू होत नाही.

भ्रूणाच्या पावित्र्याचा वाद मी इथे थोडक्यात आटोपतो, कारण पाश्चात्त्य देशांत त्याने वीस वर्षे खाल्ली आणि आता तो बराचसा मागे पडला आहे. गर्भाच्या ऊती वापरायच्या तर एकेका रुग्णासाठी अनेक गर्भ लागत. ती अडचण नैतिक होती तशी व्यावहारिकही होती. आता अमेरिकी चाचणीतील पेशी १९९८ मध्ये तयार झालेल्या एकाच भ्रूणजन्य पेशी-वाणापासून वाढवल्या आहेत, आणि क्योतोत तर शिन्या यामानाका यांच्या पद्धतीने प्रौढ माणसाच्या पेशींनाच पुन्हा बाल्यावस्थेत नेले आहे. ज्यांचा आक्षेप श्रद्धेचा आहे त्यांचा मी आदर करतो. पण पेशी निष्कलंक स्रोतातून आली म्हणून तिची मेंदूतील वागणूक निर्धोक होत नाही, आणि आपल्या जाहिराती नेमकी हीच गल्लत करतात: ‘तुमच्याच शरीरातील पेशी, म्हणून सुरक्षित.’ कर्करोगही आपल्याच शरीरातील पेशींचा असतो.

भारतात नियम नाहीत असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्तविकारांसारख्या मान्य कारणांसाठी केलेले रक्तजनक मूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा प्रत्येक वापर हा संशोधन आहे, तो मान्य चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. स्वमग्नतेसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेही २०२२ मध्ये म्हटले. तरीही दरपत्रके छापली जात राहिली. तेव्हा ‘नियमांमुळे भारतीय रुग्ण मागे राहिला’ या तक्रारीत किती तथ्य आहे? याच मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राने रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी पेशी-उपचार विकसित केला, त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि परदेशात कोट्यवधींना पडणारी गोष्ट इथे त्याच्या अंशभर किमतीत उपलब्ध झाली. ती किंमतही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे, हे खरे. पण चाचणीची वाट अडते ती पैसा, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित माणसे यांच्या तुटवड्याने. आगाऊ रक्कम घेणाऱ्या केंद्रांनी यातले काय उभे केले?

मधला मार्ग म्हणून जपानच्या कायद्याचा दाखला हल्ली वारंवार दिला जातो. २०१४ पासून तिथे सुरक्षितता दिसली आणि उपयोग संभवनीय वाटला, तर पेशी-उत्पादनाला सशर्त, मुदतबंद मान्यता मिळते. पुरावा नंतर गोळा करायचा. कल्पना आकर्षक आहे. मज्जारज्जूच्या इजेवरील एका उत्पादनाला २०१८ मध्ये अवघ्या १३ रुग्णांच्या, नियंत्रण गट नसलेल्या अभ्यासावर अशी मान्यता मिळाली. हृदयावर बसवायच्या पेशींच्या पडद्याला २०१५ मध्ये मिळाली होती. नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये, परिणामकारकता सिद्ध झालेली नाही असे तज्ज्ञ-समितीने ठरवले. या नऊ वर्षांत त्याचा खर्च रुग्णांनी आणि विम्याने उचलला होता. प्रयोगाचा खर्च ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच खिशातून काढायचा, असा याचा अर्थ होतो. जपानपाशी निदान सर्वांसाठी आरोग्यविमा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे. आपण तो कायदा उचलला तर मान्यता तेवढी येईल, नोंदवही येणार नाही, अशी मला भीती वाटते.

म्हणून आपल्याकडे चर्चा व्हायलाच हवी ती या नोंदवहीची. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. पण वीस वर्षांनी उद्भवलेल्या गाठीचे उत्तरदायित्व कोणाकडे, आणि तोवर कंपनीच उरली नसेल तर काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील एका कंपनीने साडेतीनशेहून अधिक अंध व्यक्तींच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टिपटल बसवले आणि धंदा तोट्यात गेल्यावर त्या यंत्राची देखभालच सोडून दिली. तो निदान धातूचा तुकडा होता. मेंदूत पेशी सोडण्याची परवानगी मागणाऱ्या प्रत्येकाने, मग तो सरकारी संस्थेचा असो की खासगी कंपनीचा, रुग्णाच्या हयातभराच्या तपासणीचा आणि मृत्यूनंतर कुटुंबाच्या संमतीने होणाऱ्या मेंदूपरीक्षणाचा खर्च आधीच एका स्वतंत्र निधीत जमा करावा, आणि प्रत्येक रोपणाची नोंद सार्वजनिक वहीत व्हावी. जो एवढे करायला तयार नाही, त्याला कवटीला हात लावण्याची परवानगी देऊ नये.